सुपर ट्वीटरची हवा

आमच्या हॉलमधल्या दोन मोठ्या स्पीकरांच्या डोक्यावर ते दोन डबे येऊन बसले आणि त्याच दुपारी आमची कुत्री व्हरांड्यात राहायला गेली. यांना वाटलं, गार फरशी बघून पडली असेल. त्या व्हरांड्यात दुपारी मी पापड वाळवते, इतकं ऊन असतं, हे मी बोलले नाही. पुढचे तीन आठवडे मी अशा बऱ्याच गोष्टी बोलले नाही.

हे म्हणजे आमचे मालक. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांचा लेथचा कारखाना. उभी हयात लोखंड कातण्यात गेली. साठी उलटल्यावर एक दिवस कारखाना धाकट्या भावाच्या हाती दिला, कळंब्याच्या घरात हॉलच्या बरोबर मधोमध एक खुर्ची मांडली आणि जाहीर केलं, "आता ऱ्हायलेलं आयुष्य गाणं ऐकणार." स्पीकरची खोकी त्यांनी स्वतः बनवली. सागवानी, कमरेइतकी उंच, खाली लेथवर कातलेले पितळेचे पाय. ती खोकी हॉलमध्ये आली तेव्हा सोफा बाहेर गेला. तेव्हापासून घरी कुणी आलं की आम्ही त्यांना जेवणाच्या टेबलाशी बसवतो.

रोज दुपारी जेवण झालं की रेकॉर्ड लागायची. हे खुर्चीत आणि कुत्री त्यांच्या पावलांवर हनुवटी टेकून. ही कुत्री कारखान्याच्या दारात सापडलेली, भाजक्या शेंगदाण्याच्या रंगाची, एका कानाचं टोक कुणीतरी चावून नेलेलं. घरात एक पांढरा बोकाही आहे. तो कुठून आला ते कुणालाच माहीत नाही, पण त्याच्या चेहऱ्यावरून घर त्याचं आहे आणि आम्ही भाडेकरू. यांनी दोघांनाही नावं ठेवली नाहीत. कुत्रीला "ए" म्हणायचं आणि बोक्याला "ओ". ज्याचं त्याला बरोबर कळतं.

आणखी आहेत त्या अव्वा, म्हणजे माझ्या सासूबाई. सीमेकडच्या गावच्या, ऐंशीच्या पुढच्या. गुडघे गेलेत, बाकी डोळे, कान आणि जीभ अजून कारखान्यातून नुकतीच बाहेर पडल्यासारखी. त्यांचा दिवाण उजव्या स्पीकरशेजारी, कारण खिडकी तिथं आहे. रस्त्यानं कोण गेलं, कुणाबरोबर गेलं आणि परत कधी आलं, याची नोंद तिथं होते.

राहिले मी. मुलींच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून नुकतीच निवृत्त झालेली. या घरातल्या गाण्याबजावण्यात माझं स्थान काय, तर "तुला कान न्हाईत." आवाज थोडा कमी करा म्हटलं, की तुला कान न्हाईत. तानेच्या मध्येच दूधवाला आलाय म्हणून सांगितलं, की तुला कान न्हाईत. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल? आणि ऐकलं ते कानांनीच.

आता डबे आणणाऱ्या माणसाबद्दल. यांचे एक मित्र आहेत, जयसिंगपूरचे, बी-बियाण्याचे व्यापारी. जुन्या रेकॉर्डी विकणाऱ्या एका हातगाडीवर एकाच तबकडीला दोघांनी एकदम हात घातला, तिथली दोस्ती. आमच्या घरात त्यांना सगळे पावणंच म्हणतात. माणूस गोड, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी बारका स्क्रू-ड्रायव्हर, आणि दर दोन-तीन महिन्यांनी यांच्या डोक्यात एक नवीन किडा सोडून संध्याकाळच्या गाडीनं परत जायची सवय.

या खेपेचा किडा होता सुपर ट्वीटर.

"वैनी, तुम्ही सायन्सवाल्या. तुम्हाला लगेच कळंल," पावणं मला म्हणाले. "स्पीकरात बारीक आवाजासाठी जो छोटा असतोय तो ट्वीटर. त्याच्याबी वरचे आवाज काढतोय तो सुपर ट्वीटर. माणसाला ऐकू येतंय त्याच्या पल्याडचं."

"पल्याडचं म्हणजे ऐकू न येणारं?" मी विचारलं.

"तेच की!"

"मग ते कशाला आणायचं?"

पावणं माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मीच उत्तर चुकलेय. मग म्हणाले, "वैनी, ते कानानं न्हाय, अंगानं ऐकायचं असतंय. हवा येतीय हवा. गाण्याच्या भोवतीनं."

माणसाच्या कानाला सेकंदाला वीस हजार कंपनांच्या वरचं काही ऐकू येत नाही, कुत्र्या-मांजरांना मात्र येतं, हा धडा मी आठवीला दरवर्षी शिकवला होता. वयाबरोबर ती वरची मर्यादा आणखी खाली घसरते, हेही शिकवलं होतं. सगळं जिभेवर आलं होतं. पण हे खुर्चीतून म्हणाले, "तिला काय विचारतोयस? तिला कान न्हाईत." आणि मी चहा ठेवायला आत गेले.

डबे तसे दिसायला गोंडस. बुटाच्या पॉलिशच्या डबीपेक्षा थोडे मोठे, पुढं जाळी, आणि जाळीच्या आत मिठाईवरच्या वर्खासारखी पातळ, चुण्या घातलेली पट्टी. पावण्यांनी ते स्पीकरवर ठेवले, वायरी जोडल्या आणि दोन्ही वायरी उजव्या खोक्यामागं एका छोट्या बटणातून नेल्या. जुन्या टेबललँपला असायचं तसलं बटण. एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. वरून बघून चालू की बंद ते कळत नाही. "म्हणजे कसं," पावणं म्हणाले, "कधी वाटलं तर लावून बघायचं, काढून बघायचं."

रेकॉर्ड लागली. गाणाऱ्या बाईंचा आवाज आला, तंबोरे आले, आणि जुन्या तबकडीची ती फुटाण्यासारखी तडतड आली. यांनी डोळे मिटले. पावण्यांनी डोळे मिटले. मग दोघांनी एकदम उघडले.

"आली!" हे म्हणाले.

"आली न्हवं?" पावणं म्हणाले.

मला काहीच आलं नाही. अव्वांनी खिडकीतून मान आत वळवून विचारलं, "कोण आलं?"

कुत्रीनं मात्र मान उचलली. डबीकडं बघितलं, यांच्याकडं बघितलं, आणि तडतडीचा पुढचा फुटाणा वाजला तशी उठून, पाय झाडून, मघाशी सांगितलं तशी व्हरांड्यात गेली. बोका नेमका उलटा. तो कधी हॉलमध्ये यायचा नाही, तो आला, उडी मारून डाव्या स्पीकरवर बसला आणि जाळीला नाक लावून आतल्या वर्खाकडं एकटक बघू लागला. उंदराच्या बिळाकडं बघतात तसा.

"बघा, ह्याला कळालं!" यांना कोण आनंद. "जनावराला कळतंय, पर माणसाला कळंना!" हे माझ्याकडं बघत.

चार दिवस झाले, कुत्री काही दुपारची आत येईना. गाणं संपलं की यायची, खायची, शेपूट हलवायची. रेकॉर्डीवर सुई टेकली की बाहेर. हे अस्वस्थ झाले. आधी तिला समजावून सांगितलं, मग बिस्किट दाखवलं, मग उचलून आणून पायाशी बसवलं. ती बसली, पण त्यांच्याकडं अशा नजरेनं बघत, की यांनाच अपराधी वाटून त्यांनी तिला सोडून दिलं.

"हिच्या कानाला काय तरी झालंय," हे म्हणाले आणि आम्ही तिला रिक्षात घालून जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण, शांत. त्यांनी दोन्ही कानांत बॅटरी मारून बघितलं. मग कुत्रीला यांच्या मांडीवर समोर तोंड करून बसवलं, आमच्या मागं गेले आणि खिशातल्या बारक्या किल्ल्या अगदी हळू वाजवल्या. कुत्रीनं झटकन मान वळवली. मीही वळवली. हे तसेच समोर भिंतीवरच्या म्हशीच्या चित्राकडं बघत बसले होते. डॉक्टरांनी पुन्हा वाजवल्या. पुन्हा तेच. डॉक्टरांनी यांच्या डोक्यावरून माझ्याकडं बघितलं. मला हसू आलं, आणि मी ते खोकल्यात घालवलं.

"कान एकदम उत्तम आहेत," डॉक्टर म्हणाले. आणि जरा थांबून, "कुत्रीचे. घरात काही नवीन आणलंय का?"

"न्हाई बा," हे म्हणाले.

मी पुन्हा खोकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी धूळ पुसताना माझा हात उजव्या खोक्यामागं गेला आणि ते बटण बोटाला लागलं. मी ते दाबलं. यात फार विचार केला होता असं मी म्हणणार नाही. पण अगदी नकळत झालं असंही म्हणणार नाही.

त्या दुपारी रेकॉर्ड लागली. कुत्री व्हरांड्याच्या उंबऱ्यावर येऊन थांबली. उरलेला दीड कान ताठ करून तिनं अंदाज घेतला. मग टकटक टकटक नखं वाजवत आत आली आणि यांच्या पावलांवर हनुवटी टेकवून असा मोठा सुस्कारा सोडला, की यांचे डोळेच भरून आले.

"बघ! सवय झाली तिला!" हे मला हाक मारून म्हणाले. "आणि आजचा आवाज ऐक. काय उघडलाय! पैल्यांदा डबं नवीन हुतं, आता मोकळं झाल्यात."

"व्हय," मी म्हटलं. "मला पण आज जरा हवा जाणवाय लागली."

त्यांनी इतक्या कौतुकानं माझ्याकडे बघितलं की सांगता सोय नाही. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा मला कान फुटले होते, आणि तेही डबे बंद असताना. आता हे कुणाला सांगणार? सांगायला हवं होतं, हे कबूल. पण रोज दुपारी मी जेवणाच्या टेबलाशी शेंगा सोलत बसायची आणि हे खुर्चीतून त्या बंद डब्यांचं वर्णन करायचे. आज सारंगी कशी पारदर्शक झालीय. आज तबल्याच्या शाईवरची धूळ ऐकू आली. एकदा तर म्हणाले, "बाईंनी तान घ्यायच्या आधी श्वास घेतला, त्यो श्वास थंड हुता." मी मान डोलवली. शाळेत असताना वहीत प्रयोग न करता निष्कर्ष लिहिणाऱ्या मुली मला बरोबर ओळखू यायच्या. तरी मला या माणसाचा राग येईना, उलट मजा वाटू लागली होती.

बोका मात्र नाराज. तो डाव्या डब्यासमोर बसायचा, वाट बघायचा, मग पंजानं जाळीवर टिचकी मारायचा. आत काही हलेना तसा यांच्याकडं वळून एकदा ओरडायचा. हे म्हणायचे, "ओ, दम खा की, दुसरी बाजू लावतो."

मग पावण्यांचा फोन आला, रविवारी येतो म्हणून. एक दुर्मिळ रेकॉर्ड मिळाली होती आणि ती आमच्याच डब्यांवर ऐकायची होती. मी ठरवलं की पावण्यांसमोर तरी डबे चालू असावेत, कारण त्यांनी मनापासून आणलेत. शनिवारी रात्री ठरवलेलं ते रविवारी सकाळी बदललं, कारण कुत्री बाहेर गेली असती तर पावण्यांनी आणखी काहीतरी उपाय सुचवला असता. म्हणून डबे बंदच राहू दिले.

दुपारी जेवण झालं. शेंगाच्या पोळ्या, तूप, दही, वांग्याची भाजी. पावण्यांनी पोळीची एक ताटली बरोबर घेतली आणि डाव्या स्पीकरखाली स्टुलावर बसले. हे खुर्चीत. अव्वा दिवाणावर. कुत्री अजून स्वयंपाकघरात माझ्या पायात घुटमळत होती, कारण पोळ्या तिथं होत्या.

रेकॉर्ड सुरू झाली. पावण्यांनी डोळे मिटले आणि हळूहळू मान हलवायला लागले. "अण्णा, डबं पार मुरल्यात तुमचं," ते यांना म्हणाले. "माझ्याकडंबी एवढी हवा न्हाय." यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडं, म्हणजे माझ्याकडं, विजयी नजर टाकली.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण एक गोष्ट मला माहीत नव्हती. अव्वा रोज खिडकीतून फक्त रस्ताच बघत नव्हत्या. त्यांनी मला त्या सकाळी बटण दाबताना बघितलं होतं. मी दाबलं आणि कुत्री आत आली, एवढा हिशोब त्यांनी मनाशी पक्का केला होता. ते बटण म्हणजे त्यांच्या समजुतीनं कुत्री बोलवायचं बटण. आणि आता घरात पावणे, गाणं सुरू झालेलं, कुत्री जागेवर नाही. सून कामाच्या गडबडीत विसरली, असं समजून त्यांनी आपली काठी उचलली, खोक्यामागं घातली आणि बटण दाबलं.

नेमकी त्याच क्षणी कुत्री पोळी संपवून, तोंड चाटत, भरवशानं हॉलमध्ये शिरली.

गाणाऱ्या बाई वरच्या सुरावर पोचत होत्या. तबकडीची तडतड ऐन भरात होती. कुत्री हॉलच्या मधोमध पोचली आणि जागच्या जागी थबकली. तिनं तोंड वर केलं, डोळे मिटले आणि असा काही सूर लावला, की दोन घरं सोडून पलीकडचीही कुत्री सामील झाली. इतके दिवस ती निमूट बाहेर जायची. या वेळी तिला विश्वासघात सहन झाला नसावा.

"अगं ए! ए!" हे खुर्चीतून उठले.

डावा डबा इतक्या दिवसांनी जिवंत झालेला बघून बोका कुठून आला ते दिसलंच नाही. एक पांढरा पट्टा हवेतून गेला, पंजा जाळीवर बसला, डबा वायरीसकट उडाला आणि बरोबर पावण्यांच्या ताटलीत, तुपात, उपडा पडला. पावण्यांनी डोळे उघडले. त्यांच्या मांडीवर बोका होता.

यांनी सुई उचलली. कुत्री थांबली. शेजारची कुत्री आणखी थोडा वेळ गात राहिली.

"काय न्हाय, काय न्हाय," पावणं म्हणाले आणि डबा लेंग्याला पुसत खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढला. चार स्क्रू काढून झाकण उघडलं. वर्ख फाटलेला. ते आताच झालं होतं, ते सगळ्यांनी बघितलंच होतं. "ह्यो गेला," ते म्हणाले. "दुसरा धड हाय का बघू."

दुसरा उघडला. त्याची जाळी खालच्या कोपऱ्यात पंजा जाईल एवढी उचकटलेली होती, ते आत्ता दिसलं. आम्ही सगळे वाकून बघायला लागलो. त्यात वर्ख नव्हताच. म्हणजे होता, पण चिंध्या होऊन तळाशी, आणि त्या चिंध्यांवर बोक्याचे पांढरे केस, आणि त्या केसांवर कोळ्यानं सावकाश, वेळ घेऊन विणलेलं जाळं. जाळ्यात एक वाळलेली माशी.

पावण्यांनी स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं माशी उचलून बाजूला ठेवली.

"हे आजचं न्हाय," पावणं शेवटी हळूच म्हणाले.

"मग उजव्या बाजूची हवा..." हे म्हणाले आणि थांबले.

तेवढ्यात अव्वा दिवाणावरून, सगळ्यांना धीर द्यायच्या सुरात बोलल्या, "असू दे की रं. तसंबी कुत्री बोलवायला ती ते मागचं बटण दाबत्या. आज मीच दाबलं बटण, कुत्री येईना म्हणून."

"कोण बटण दाबतंय?" यांनी विचारलं.

"तुझी बायको. कवापासनं! ती बटण दाबती, कुत्री येती, तू खुश. मला वाटलं तुला म्हाईत हाय."

मी पदराला हात पुसत उभी होते. हात केव्हाच कोरडे झाले होते. "मी सांगणारच हुतो," मी म्हटलं. कोल्हापुरात आम्ही बायकाही घरात असंच बोलतो, मी आलो, मी गेलो. शाळेत तेवढं जपून बोलावं लागे. त्या दिवशी माझी शाळा सुटली होती. "पर तुम्ही रोज इतकं छान सांगायचासा, मला मोडवंना."

पावणं पहिल्यांदा फस्सकन हसले. मग लक्षात आलं की आपणही मघाशी मुरल्यात म्हणालो होतो, तसे पाचच्या गाडीची आठवण होऊन उठले. दोन्ही डबे पिशवीत घातले. दारात मला म्हणाले, "वैनी, ह्यातलं जयसिंगपुरात काय बोलू नका." मी जयसिंगपुरात कुणालाच ओळखत नाही.

हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जे काही सांगायचं ते कुत्रीला सांगायचे. "ए, तिला म्हणावं भाजीत मीठ न्हाय." मी बोक्याला सांगायची, "ओ, मीठ समोर आहे म्हणावं." अव्वा दोन्ही बाजूंनी हसून घ्यायच्या.

तिसऱ्या दुपारी रेकॉर्ड लागली नाही. हे खुर्चीत नुसतेच बसले होते. मी समोर जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढून बसले. या हॉलमध्ये त्यांच्यासमोर मी कधी बसले नव्हते. तिथून ते जरा लहान दिसत होते.

"मला म्हाईत हुतं," ते म्हणाले.

"बटणाचं?"

"न्हाय गं. कानाचं." ते पितळेच्या पायाकडं बघत बोलत होते. "लेथवर टूल बोथट झालं की बारीक चिरकतंय. लई बारीक. चाळीस वर्षं कारखान्याच्या कुठल्याबी कोपऱ्यातनं मी ते वळखलंय. पोरं म्हणायची, मालकाला मशीन सांगतंय. आणि एक दिवस मी मशीनपुढंच उभा हुतो. टूल चिरकायला लागलं. धाकटा पलीकडच्या टोकाकडनं वरडत पळत आला आणि त्यानं मशीन बंद केलं. मला कायच ऐकू आलं नव्हतं. कातायला लावलेला जॉब वाया गेला. नशिबानं बोट ऱ्हायलं."

"हे कधीचं?"

"कारखाना दिला त्याच्या आधल्या महिन्यातलं."

आम्हाला सगळ्यांना त्यांनी सांगितलं होतं की साठी झाली, आता विश्रांती. आम्ही पेढे वाटले होते.

"पावणं म्हणालं की ऐकू येतंय त्याच्या वरचं ऐकवणारं यंत्र असतंय," ते म्हणाले. "म्हटलं, वरचं गेलंय ते वरनंच आणून बसवता येतंय का बघावं. आणि पैल्या दिवशी खरंच वाटलं गं, की आलं. तुझी शपथ."

मला डॉक्टरांच्या किल्ल्या आठवल्या. त्या वेळी मला हसू आलं होतं. तीस वर्षं मी मुलींना कानाचा पडदा, हातोडी, ऐरण, रिकीब फळ्यावर काढून दाखवली, आणि माझ्या घरातला माणूस मागून हाक मारली की वळत नाही, याला मी पस्तीस वर्षांची सवय समजत होते. मी उठले आणि त्यांच्या डोक्यावरचे केस उगाच नीट केले. त्यांनी माझा हात झटकला नाही. मग म्हणाले, "पर तूबी लई हरामी हाईस. हवा जाणवाय लागली म्हणं!"

"तुम्ही थंड श्वास ऐकलासा, मग मी काय मागं ऱ्हाऊ?"

ते हसायला लागले. आधी आवाज न करता, पोट हलवत, मग मोठ्यानं. कुत्री दचकून उठली.

आठवड्यानं आम्ही राजारामपुरीत कान तपासायला गेलो. काचेच्या खोलीत बसवून कानावर हेडफोन लावतात आणि आवाज आला की हातातलं बटण दाबायचं असतं. मी बाहेरून बघत होते. हे दाबत होते, सारखे दाबत होते, तपासणाऱ्या बाईंनी यंत्रावरचा हात काढला तरी दाबत होते. बाईंनी दार उघडून सांगितलं, "काका, मी आता काहीच वाजवलं नव्हतं."

"मला वाटलं लवकर दाबलं तर जास्त मार्क मिळतील," हे म्हणाले.

मार्क काही मिळाले नाहीत. दोन्ही कानांना मशीन लागलं, शेंगदाण्याएवढं, कानामागं बसणारं. पावण्यांना फोन करून सांगितलं तर म्हणाले, "अण्णा, मीच घरी तुमच्या मिसेसचं सांगून बसलो, तसं माझ्या बायकोनंबी गुपचूप आमचं बटण दाबून बघितलं, आणि मला कळलंच न्हाय. मी त्या मशीनच्या दुकानाचा पत्ता लिहून घेऊ काय?" म्हणजे जयसिंगपुरात बोलायला माझी गरजच नव्हती.

मशीन घालून घरी आले त्या दिवशी यांनी घरात जी चौकशी सुरू केली ती संध्याकाळपर्यंत चालली. हा फ्रिज कायम असाच गुरगुरतोय? पंख्याला तेल कधी घातलं न्हाय काय? भाकरी तव्यावर आवाज करती? कुत्री चालताना नखं वाजतात हे त्यांना नव्यानं कळलं, आणि ते तिच्या मागं मागं व्हरांड्यापर्यंत नुसती नखं ऐकत गेले. रस्त्यावरच्या रिक्षावाल्याला मात्र त्यांनी गेटातून ओरडून विचारलं, "येवढ्यानं कशापायी वरडतोस? भैरा हाईस काय?"

चहाच्या वेळी मी आणि अव्वा स्वयंपाकघरात होतो. अव्वा ओट्याशी खुर्चीत बसून लसूण सोलत होत्या, आणि आम्ही रोजच्यासारखं बोलत होतो, म्हणजे हलक्या आवाजात, त्यांच्याबद्दलच.

"आता ह्यो दिवसभर काय काय म्हणून विचारत बसणार बघ," अव्वा म्हणाल्या. "लहानपनापासनं तसलाच. बापावर गेलाय."

"आणि सगळं स्वतःला कळतंय असा आव," मी म्हटलं.

हॉलमधून आवाज आला, "अव्वा, बापावर काय?"

अव्वांच्या हातातली लसणाची पाकळी खाली पडली. आम्ही एकमेकींकडं बघितलं. पस्तीस वर्षं, आधी हे कारखान्यात असताना आणि मग घरात असतानाही, आम्ही दोघी त्या ओट्याशी त्या माणसाबद्दल काय काय बोललो होतो आणि त्यातलं एक अक्षरही कधी त्या भिंतीपलीकडं गेलं नव्हतं.

"काय न्हाय रं," अव्वा मोठ्यानं म्हणाल्या. "बापासारखाच देखणा हाईस म्हटलं."

"आणि आव कसला?" पुन्हा आवाज आला.

"आवळा," मी म्हटलं. "आवळा आणायचाय, लोणच्याला."

आता आम्ही दोघी परसात जाऊन बोलतो. अव्वांना गुडघ्यांमुळं तिथवर जायला वेळ लागतो, पण त्या जातात.